डोळ्याखालची रेघ

आमच्याकडे येणारे लोक त्याला ‘सिंकाई’ म्हणायचे. सिंकाई म्हणजे शेक. गुडघा धरला की गरम विटेचा शेक घेतात ना, तोच शब्द. कर्करोगाच्या गाठीवर किरण सोडण्याच्या कामाला भोपाळच्या चहूकडच्या गावांत हाच शब्द होता, आणि मी त्या शेकाचा भट्टीवाला. लग्नकार्यात कुणी विचारलं, ‘आपण काय करता?’ तर ‘हॉस्पिटलात असतो’ एवढं बोलून मी मोकळा व्हायचो. खरं सांगितलं की समोरचा माणूस हातातली ताटली घेऊन जरा मागे सरकायचा. आणि भोपाळात जन्म काढला म्हटलं की महाराष्ट्रातले नातेवाईक एकच प्रश्न विचारतात. त्या रात्रीबद्दल पुष्कळांनी लिहिलं आहे, मी लिहिणार नाही. मला एका रेघेबद्दल लिहायचं आहे.

वडील नाशिकहून इथल्या मोठ्या सरकारी कारखान्यात कारकून म्हणून आले. मी टाउनशिपच्या क्वार्टरमध्ये वाढलो. आमच्या ब्लॉकमधली सगळी मुलं आयटीआय करून कारखान्यात चिकटली. मला मशीनच्या आवाजाने डोकेदुखी होते असं आईचं म्हणणं, म्हणून मी रेडिओथेरपी टेक्निशियनचा कोर्स केला आणि शहरातल्या एका हॉस्पिटलात लागलो. तिथलं मशीन शांत होतं, आईचं तेवढं खरं झालं. डोकेदुखीचं काय झालं ते विचारू नका.

आता कामाबद्दल थोडं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. गाठ मारणं हे आमच्या कामात सर्वांत सोपं. आमच्याकडच्या कोबाल्ट मशीनसमोर काहीही ठेवा, ते मरतं. अवघड असतं ते गाठीच्या शेजाऱ्याला वाचवणं. गाठ कधी मोकळ्या मैदानात येत नाही. ती मणक्याला टेकून बसते, नाहीतर फुप्फुसात, नाहीतर घशात, जिथे आजूबाजूला सगळी कामाची माणसं राहतात. म्हणून डॉक्टर फोटो बघून कातडीवर जांभळ्या शाईने चौकोन आखत. मशीनमध्ये एक दिवा असे, त्याचा उजेड त्या चौकोनावर बरोबर बसवायचा, कारण उजेड जिथे पडतो तिथेच मागाहून किरण पडतात. चौकोनातही एखादी जागा वाचवायची असेल तर तिच्या वाटेत शिशाचा ठोकळा ठेवायचा. हे ठोकळे आम्ही स्वतः ओतायचो. शिसं वितळवायचं, साच्यात घालायचं, थंड झालं की कानशीने घासून रोग्याच्या मापाचं करायचं. माझ्या हातचे ठोकळे चांगले असत. हे मी गर्वाने लिहितो आहे, कारण माझ्या कामात गर्व करण्यासारखी तेवढीच एक वस्तू होती.

शेजारी वाचावा म्हणून आणखी एक युक्ती, ती म्हणजे रोज थोडं थोडं देणं. निरोगी भाग रात्रीतून सावरतो, गाठीला तेवढं सावरता येत नाही. हे गणित लोकांच्या गळी उतरवणं महाकठीण. चार इमली या साहेबलोकांच्या वस्तीतले एक मोठे अधिकारी आले होते, गळ्यात गाठ. पहिल्याच दिवशी टेबलावर पडल्या पडल्या मला म्हणाले, “भाई, एक ही बार में निपटा दीजिए. फाइल पेंडिंग क्यों रखना?” मी म्हटलं, “सर, फाइल के साथ आप भी निपट जाएँगे.” ते हसले नाहीत. पण दुसऱ्या दिवसापासून निमूट येऊ लागले.

सगळ्यांत मोठी कटकट त्या रेघांची. आठवडेच्या आठवडे त्या कातडीवर टिकायला हव्यात. पाणी लावायचं नाही, साबण नाही, तेल तर नाहीच नाही. आपल्या देशात माणसाला महिना-दीड महिना अंग धुऊ नको म्हणून सांगणं म्हणजे त्याला धर्म सोड म्हणण्यासारखं आहे. कुणी ओलं फडकं फिरवून यायचं, कुणाची सासू निशाणावर अंगारा चोळायची. रायसेनकडचा एक शेतमजूर तर सोमवारी आला तो छातीवरच्या आमच्या रेघा हिरव्या करून. आठवडी बाजारात गोदनेवालीकडून गोंदवून घेतल्या होत्या. “अब नहीं मिटेगी साहब, जनम भर नहीं मिटेगी.” आमचे मोठे डॉक्टर आधी भडकले, मग पट्टी लावून बघितली तर रेघा जिथल्या तिथे. पुढचे सगळे दिवस आम्ही त्या गोदन्यावरच उजेड बसवला. माणूस बरा होऊन गेला. असे बरे होऊन गेलेलेही असायचे, नाही असं नाही. पण तीस-पस्तीस वर्षांनी ते डोळ्यांपुढे येत नाहीत. येतात ते दुसरेच.

शेवाळे पतीपत्नी आमच्याकडे आले तेव्हा मी नोकरीत बऱ्यापैकी मुरलो होतो. विठ्ठल शेवाळे मूळचे साताऱ्याकडचे, कारखान्यात मार्किंगच्या कामावर. मार्किंग म्हणजे काय ते मला त्यांच्याकडूनच कळलं. ओतकाम होऊन आलेला लोखंडाचा अजस्र गोळा कापायला जाण्याआधी त्याच्यावर रेघा मारायच्या, की इथून कापा, इथे भोक पाडा. त्या रेघेवर पुढच्या सगळ्यांचं काम. सुमनवहिनी त्यांची बायको. गोऱ्या, ठेंगण्या, बोलक्या. एक डोळा लहानपणी देवीत गेलेला, त्यावर पांढरा पडदा. गाठ आली ती दुसऱ्या बाजूच्या गालाच्या हाडात, आतल्या पोकळीत, आणि वाढत वाढत जाऊन टेकली होती चांगल्या डोळ्याच्या तळाला.

म्हणजे एकच डोळा, आणि त्याच्या खोलीची जमीन गाठीने धरलेली.

मोठ्या डॉक्टरांनी त्या दोघांना समोर बसवून सगळं सांगितलं. ते भोपाळी, बोलणं मऊ, पण गोष्ट जशी आहे तशीच मांडायचे. डोळ्यासकट सगळ्यावर किरण दिले तर गाठ जाण्याची आशा जास्त, पण डोळा जाईल, आणि मग या पूर्ण आंधळ्या. डोळा ठोकळ्याखाली झाकला तर डोळा वाचेल, पण त्याच्या अगदी बुडाशी गाठीचा थोडा अंश राहिला तर? म्हणून ते मधली वाट काढणार होते. वरची रेघ खालच्या पापणीच्या अगदी काठावर. “रेखा के नीचे सब जाएगा. रेखा के ऊपर कुछ नहीं.”

शेवाळे सगळं ऐकत होते. त्यांनी एकच विचारलं, “सर, टॉलरन्स कितना?”

रेघ इकडेतिकडे किती सरकलेली चालेल, असा त्याचा अर्थ. डॉक्टरांना हा प्रश्न कधी कुणी विचारला नसावा. ते म्हणाले, “नहीं है, भैया. ज़ीरो समझिए.”

शेवाळ्यांनी मान हलवली. शून्य टॉलरन्सची कामं त्यांनी केली होती.

बाहेर आल्यावर मी वहिनींना विचारलं की डॉक्टर म्हणाले त्यावर तुम्हाला काय वाटतं. त्या म्हणाल्या, “भाऊजी, मला डोळा पाहिजेच. ह्यांच्यापायी पाहिजे. हे बोलत नाहीत हो. लग्न झाल्यापासून यांनी मला एक गोष्ट तोंडाने सांगितली असेल तर शपथ. राग, भूक, पगारवाढ, सगळं ह्यांच्या तोंडावर वाचायचं. डोळा गेला तर मला काय कळणार घरात काय चाललंय?” आणि हसल्या. शेवाळे शेजारी उभे होते. त्यांच्या तोंडावर काय होतं ते मला वाचता आलं नाही, मला ती भाषा येत नव्हती.

डोळ्याचा ठोकळा मी दोन वेळा ओतला. पहिला बरा होता, पण ‘बरा’ मला चालेना. शेवाळ्यांनी दुसरा हातात घेऊन उलटापालटा केला, कडेवरून अंगठा फिरवला आणि “हं” म्हणाले. त्यांच्याकडून ते पदकच, असं वहिनींनी मागाहून सांगितलं.

मग रोजचं येणं सुरू झालं. जनरल शिफ्ट आटोपून शेवाळे घरी जायचे, वहिनींना स्कूटरवर घेऊन यायचे. वहिनी टेबलावर पडण्याआधी मला नेहमी एक गोष्ट विचारायच्या, “भाऊजी, टिकली मधे आहे ना?” बहुतेक वेळा ती जरा डावीकडे असायची. मी “आहे” म्हणायचो. वहिनी आत असताना शेवाळे दारावरच्या लाल दिव्याकडे बघत उभे राहायचे, तो विझेपर्यंत बसायचे नाहीत. मी बाहेर मशीनच्या बटणांपाशी असायचो, तेवढ्यात आमचं थोडं बोलणं व्हायचं. म्हणजे मी बोलायचो. पण कामाचा विषय निघाला की तेही बोलत.

एकदा मी म्हटलं, “शेवाळे, एवढ्या मोठ्या लोखंडावर रेघ चुकली तर हो?”

“चुकायची नाही.”

“तरी?”

त्यांनी विचार केला. “आमच्यात एक नियम आहे दिघेसाहेब. शंका आली की माल जास्तीचा सोडायचा. रेघ जराशी बाहेर मारायची. जास्तीचं राहिलं तर कानशीनं घासून काढता येतं. कापून गेलेलं परत लावता येत नाही. नवीन पोरांना पहिल्या दिवशी हेच शिकवतो मी.”

मला ते फार पटलं होतं. घरी येऊन बायकोलाही सांगितलं, की बघ, कारखान्यातला माणूस कशी शहाणपणाची गोष्ट बोलला. पुढे कित्येक वर्षं ते वाक्य आठवलं की मला जेवण जात नसे.

दिवाळी आली. आमचा विभाग सणाचे दिवस बंद राहायचा. मी भाऊबिजेला नाशिकला बहिणीकडे गेलो, रजा थोडी वाढवून घेतली होती. जाताना वहिनींना बजावलं, “अभ्यंगस्नान खांद्याच्या खाली. डोक्याला तेल नाही, तोंडाला उटणं नाही.” त्या म्हणाल्या, “शेजारच्या तिवारीणबाई म्हणत होत्या, रूप चौदसला, म्हणजे आपल्या नरकचतुर्दशीला, उटणं लावलं की रूप खुलतं. म्हटलं, माझं रूप मोठ्या डॉक्टरांनी जांभळं करून ठेवलंय, आणखी काय खुलायचं राहिलंय!”

इकडे नरकचतुर्दशीला तुमच्यासारखंच पहाटे उठून आंघोळ. शेवाळ्यांच्या घरी दरवर्षी वहिनी त्यांना पाटावर बसवून तेल लावायच्या, ओवाळायच्या. त्या वर्षी, मला हे मागाहून कळलं, शेवाळे उठले, पाट मांडला आणि वहिनींना म्हणाले, “बस. आज मी लावतो.” जन्मात पहिल्यांदा. त्या नको म्हणाल्या असतील, म्हणाल्याच. पण असा नवरा पहिल्यांदा तेलाची वाटी घेऊन उभा राहिला तर कोणती बाई शेवटपर्यंत नको म्हणेल? त्यांनी हातापायांना लावलं, पाठीला लावलं. तोंडाला हात लावला नाही. पण टाळूवर जरासं, नुसतं शकुनापुरतं थापलं. कोमट तेल कपाळावरून ओघळलं आणि त्यांनी पंच्याने टिपलं. टिपायलाच नको होतं. वरची रेघ पुसली गेली.

आता करायचं काय? आमचा विभाग बंद. त्यात एकच गोष्ट त्यांच्या मनात, की रेघेवाचून गेलं तर त्या दिवशी शेक मिळणार नाही. तोंड आलं की लावायचं जांभळं औषध घराघरात असतंच, आमची शाईही तीच. पोलादी पट्टी होती, कंपास होता, आणि सगळ्या कारखान्यात नावाजलेला हात होता. रोज आणता-नेताना बघून त्यांनी बायकोच्या चेहऱ्यावरची ती रेघ पाठ केली होती. वहिनींना खिडकीत उजेडाकडे तोंड करून बसवलं आणि रेघ मारली.

मी परतलो तेव्हा विभाग सुरू होऊन काही दिवस झाले होते. माझ्या जागी दुसरा टेक्निशियन होता, नेक माणूस, त्याने नियमाप्रमाणे रेघेवर उजेड बसवला, उजेडाप्रमाणे ठोकळा बसवला. डॉक्टर आठवड्यातून एकदा रेघा तपासत, तो वार सणात बुडाला होता. वहिनी टेबलावर पडल्या, टिकलीचं विचारलं, मी “आहे” म्हणालो आणि दिवा लावला.

रेघ फार सुंदर होती. तेच मला खटकलं. आमच्या रेघा काडीला कापूस गुंडाळून मारलेल्या, जाड्या, कडेला फुटलेल्या. ही केसासारखी. आणि तिच्यावर, तिच्या आणि पापणीच्या मधे, करंगळीचं नख मावेल एवढी कोरी कातडी.

“वहिनी, ही रेघ कुणी काढली?”

“ह्यांनी! छान आलीय ना? बघा, जरा म्हणून हात हलला नाही.”

मी दिवा बंद केला. बाहेर जाऊन शेवाळ्यांना आत आणलं. वहिनींसमोर बोलायचं नव्हतं, पण त्या टेबलावरून उठून बसल्याच होत्या. मी विचारलं, “शेवाळे, ही पापणीच्या काठावर होती. खाली का आली?”

त्यांनी वाकून बघितलं. दुसऱ्याच कुणाचं काम तपासावं तसं बघितलं. मग सरळ झाले. “जराशी खाली घेतली,” ते म्हणाले. “डोळ्याकडून. मुद्दाम असं नाही, हातच तसा गेला. म्हटलं डोळ्याकडं थोडा माल राहू द्या. जास्तीचं राहिलं तर...”

तिथे ते थांबले. मला वाटतं त्याच क्षणी त्यांना कळलं. त्यांच्या धंद्यात जास्तीचा राहिलेला माल घासून काढता येतो. आमच्या धंद्यात जास्तीची राहिलेली जागा म्हणजे गाठीला मोकळं अंगण. दोघंही रेघा मारून पोट भरणारे, आणि दोघांचा नियम एकमेकांच्या बरोबर उलटा.

मोठे डॉक्टर आले, त्यांनी रेघ पुसली, स्वतः नवी मारली. हिशेब करून शेवटी आणखी काही दिवस वाढवू म्हणाले. शेवाळ्यांच्या खांद्यावर हात ठेवला. “कोई बात नहीं. आपने बुरा नहीं सोचा था.” खरंच नव्हता केला वाईट विचार. मला तर कधीकधी वाटतं, वाईट विचार केला असता तर बरं झालं असतं, कुणावर तरी चिडता आलं असतं.

ट्रीटमेंट पुरी झाली. गाल उतरला, दुखणं थांबलं. डोळा शाबूत. संक्रांतीला वहिनी तिळगुळाची वडी घेऊन आल्या, सगळ्या विभागाला वाटली. शेवाळे मागे उभे. मी ती वडी खाल्ली आणि मनात म्हटलं, सुटलो बुवा.

पावसाळ्याच्या तोंडाला त्या परत आल्या. डोळ्याखाली सूज होती.

नवा फोटो काढला. मोठ्या डॉक्टरांनी तो काचेच्या दिव्यावर लावला तेव्हा मी तिथे होतो, शेवाळेही होते. साध्या माणसाला त्या फोटोत ढगांपलीकडे काही दिसत नाही. डॉक्टर सांगू लागले, की असं होऊ शकतं, चुकीमुळेच झालं असं नाही, पूर्ण नीट दिलं तरी पुष्कळ वेळा ही गाठ याच जागी परत येते. ते समजूत घालत नव्हते, हे खरंच आहे. मी त्या विभागात अशा गाठी पाहिल्या आहेत, एकही दिवस न चुकता, एक केसही न हलता दिलेल्या, आणि तरी परतलेल्या. त्या करंगळीच्या नखाएवढ्या जागेमुळे झालं की ती नसती तरी झालंच असतं, हे कुणी सांगू शकलं नाही, कुणी सांगू शकणारही नाही. सगळ्यांत भयंकर हेच आहे.

पण शेवाळ्यांनी बोलणं ऐकलंच नाही. ते दिव्यापुढे गेले. जन्मभर चित्रावरून लोखंड वाचलेला माणूस. त्यांनी नखाने त्या फोटोवर एक पट्टा दाखवला, वरची कड, खालची कड. “साहेब,” ते मला म्हणाले, “एवढीच जागा मी सोडली होती.”

मी वाकून बघितलं. जागा तीच होती.

शस्त्रक्रियेचे डॉक्टर म्हणाले, डोळ्यासकट जबड्याचं वरचं हाड काढू, मग थोडी आशा. वहिनींनी नाही म्हटलं. सगळ्यांनी समजावलं, मराठी मंडळातल्या बायका घरी जाऊन आल्या, माझी बायकोही गेली. त्यांचं उत्तर ठरलेलं. “आंधळी होऊन चार वर्षं जास्त काढली तर त्यात ह्यांचं तोंड एकदाही दिसणार नाही. मला नको.”

आणि डोळा राहिला. शेवटपर्यंत राहिला, उत्तम राहिला. माझ्या ठोकळ्याने आपलं काम चोख केलं. त्या डोळ्याने वहिनी पलंगावर पडून दिवसभर नवऱ्याच्या तोंडाकडे बघायच्या, आणि त्या तोंडावर काय लिहिलं होतं ते आता मलासुद्धा वाचता येत होतं. माणूस वाळत चालला होता. डब्यातलं अन्न तसंच परत नेत होता. डोळा वाचवला होता तो हे बघण्यासाठी.

एक दिवस मी वॉर्डात गेलो तेव्हा शेवाळे खाली चहा आणायला गेले होते. वहिनींनी मला जवळ बोलावलं. बोलणं तेव्हा तोंडातल्या तोंडात झालं होतं, पण शब्द कळत होते.

“भाऊजी, एक काम करा. मी गेल्यावर ह्यांना सांगा. आत्ता नको, आत्ता सांगितलं तर माझ्याशी वाद घालतील.”

“काय सांगू?”

“त्या दिवशी रेघ काढल्यावर मी आरशात बघितलं होतं. मला दिसलं होतं खाली आलीय म्हणून. मला बरंच वाटलं, डोळ्यापासून लांब आहे म्हणून. मीच गप्प बसले. सांगाल ना? म्हणावं, तिला माहीत होतं.”

मी “सांगेन” म्हटलं. मला तेव्हा, खोटं कशाला बोलू, हायसं वाटलं. वाटलं, चला, हे ओझं उचलायला दुसरं कुणीतरी आहे. वहिनी पुढे फार दिवस राहिल्या नाहीत.

तेरावं झाल्यावर मी सोनागिरीच्या वस्तीतून चालत टाउनशिपमध्ये त्यांच्या क्वार्टरवर गेलो. शेवाळे एकटेच होते. मुलगी दिवस करून सासरी परतली होती. त्यांनी मला खुर्ची दिली, स्वतः दिवाणाच्या काठावर बसले. मी इकडचं तिकडचं बोललो आणि मग सांगून टाकलं, वहिनी म्हणाल्या होत्या तसं, त्यांच्याच शब्दांत. आरशात बघितलं होतं. माहीत होतं. गप्प बसल्या.

शेवाळे उठले, स्टूल घेतलं, मोरीवरच्या माळ्यावर हात घातला आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक मोठा आरसा खाली काढला. त्याच्या मागोमाग एक लहान, दाढीचा. कागदावर धुळीचा थर होता, सुतळीची गाठ मुरलेली होती.

“शेकाला सुरुवात झाली त्या दिवशी तिनंच काढायला लावले,” ते म्हणाले. “म्हणाली, मला माझं तोंड बघायचं नाही. तेव्हापासून इथं आहेत. मी दाढी कारखान्यात जाऊन करत होतो.” त्यांनी कागदावरची धूळ तळव्याने पुसली. “आमच्या घरात आरसाच नव्हता, दिघेसाहेब.”

तेव्हा मला ती डावीकडे सरकलेली टिकली आठवली. रोज विचारायच्या, मी रोज “आहे” म्हणायचो. आरसा नसलेल्या घरातून आलेली बाई आहे, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं की नको?

“मला वाचवायला बोलली,” शेवाळे म्हणाले. “तिला बघवलं नाही.” आवाज चढला नाही, डोळ्यांत पाणी नाही. माझा राग आला असंही नाही. मी तिथे मदत म्हणून गेलो होतो. त्यांच्या डोक्यावर जेवढं ओझं होतं त्यात मी आणखी एक भर घातली.

आता म्हणे नवीन यंत्रं आली आहेत. कॉम्प्युटर आखतो, चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा बसवतात, रेघा कातडीवर नाहीतच, त्या मुखवट्यावर असतात आणि मुखवटा हॉस्पिटलातच राहतो. औषधंही अशी निघालीत की थेट गाठीच्या दारावर जाऊन उभी राहतात, शेजाऱ्याला कळतही नाही. माझा भाचा डॉक्टर आहे, तो हे सगळं मला उत्साहाने सांगतो आणि मी ऐकतो. चांगलंच आहे. वहिनींना त्याचा काही उपयोग नाही. आणि नवरा-बायकोत जे चालतं ते नेमकं जागेवर पोचवणारं यंत्र काही त्याच्या बोलण्यात आलं नाही.

त्या दिवशी मी निघायला उठलो तेव्हा शेवाळ्यांनी मोठ्या आरशाचा कागद फाडला. भिंतीवर जुना खिळा तसाच होता. त्यांनी आरसा टांगला, मागे सरले, पुढे होऊन एक बाजू जराशी खाली घेतली. पुन्हा मागे सरले. पुन्हा वर केली. कारखान्यातले लोक सांगत की शेवाळ्यांना लेव्हल लावून बघावी लागत नाही, त्यांना ती डोळ्यानेच कळते.

“सरळ आहे का बघा,” ते मला म्हणाले.

आरसा अगदी सरळ होता. मी म्हटलं, “आहे.”

त्यांनी पुन्हा विचारलं.